वडिलांच्या प्लेटलेट १.१२ लाख, डॉक्टर लिव्हर बघायला का सांगतायत?

पूर्वभागकर
वडील (आम्ही अण्णा म्हणतो), वय ५६, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर. सारखा थकवा म्हणून घराजवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन १२.१, एमसीव्ही १०३, प्लेटलेट १ लाख १२ हजार. एसजीओटी ६८, एसजीपीटी ४९, बिलिरुबिन नॉर्मल. ताप नाही, कावीळ कधी झाली नाही. पूर्वी रोज घ्यायचे, बहिणीच्या लग्नानंतर सोडली असं ते म्हणतात. डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफी करा, लिव्हर बघू. पेशी कमी झाल्या तर रक्ताचा डॉक्टर लागेल ना? लिव्हर कुठून आलं मध्येच?

चाटीगल्ली
डेंग्यू असेल बे. आमच्या मेव्हण्याला पपईच्या पानांचा रस पाजला, आठवड्यात पेशी दोन लाखांवर. टेन्शन घेऊ नको.

जांभळं_झाकण
पपई राहू द्या. डेंग्यूत पेशी उतरतात तशा आपसूक चढतातही, श्रेय रसाला मिळतं. इथे तापच नाही.

सात रस्त्याजवळच्या लॅबमध्ये माझी उमर गेली, म्हणून आधी लॅबचं बोलतो. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. काही जणांच्या प्लेटलेट त्यात गोळा होतात, मशीनला त्या मोजता येत नाहीत आणि आकडा खोटाच कमी येतो. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं का ते विचारा. गठ्ठे असतील तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये परत रक्त द्यावं लागेल.

आकडा खरा निघाला तर डॉक्टर बरोबर वाटेवर आहेत. लिव्हर कडक झालं की आतड्यांकडून येणारं रक्त अडतं, दाब मागे पानथरीवर (प्लीहेवर) येतो, ती फुगते आणि प्लेटलेट तिच्यातच अडकून बसतात. शिवाय प्लेटलेट बनवायला लावणारं थ्रॉम्बोपोएटिन मुख्यतः लिव्हरमध्येच तयार होतं, तेही घटतं. बिलिरुबिन बराच काळ नॉर्मल राहू शकतं, त्यावर निर्धास्त होऊ नका. एसजीपीटी आणि एसजीओटी ही लिव्हरची एन्झाइम, त्यांत एसजीपीटीपेक्षा एसजीओटी जास्त आणि एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) शंभरावर, म्हणजे दारूचा संशय येणारच. पण एमसीव्ही बी-१२ कमी असलं तरी वाढतो, तेही तपासून घ्या.

आता याच रिपोर्टवरून फिब-४, म्हणजे लिव्हरमधल्या व्रणांचा अंदाज देणारा आकडा काढता येतो. वय गुणिले एसजीओटी : ५६ × ६८ = ३८०८. त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने : ११२ × ७ = ७८४. उत्तर ४.८६. १.३ च्या खाली असता तर मी एवढं लिहिलंच नसतं. २.६७ च्या वर म्हणजे लिव्हरमध्ये बरेच व्रण असण्याची शक्यता मोठी. शक्यता म्हणतोय, निदान नव्हे. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात, पस्तिशीच्या आत हे गणित नीट बसत नाही, ताज्या काविळीत तर करूच नये. आणि अण्णा अजून चोरून घेत असतील तर एसजीओटी त्यानेच चढून उत्तर फुगेल.

जुने रिपोर्ट आहेत का घरात?

पूर्वभागकर
कपाटात सापडले काका. २०१९ ला हर्नियाच्या वेळी १.९८ लाख, २०२२ ला कारखान्यातल्या कॅम्पात १.६४. दोन्हीवर नॉर्मल लिहिलंय. आणि आई म्हणते, यंदा गड्ड्याच्या यात्रेत घेतली होती.

जांभळं_झाकण
मला हेच बघायचं होतं. दीड लाखाच्या वर म्हणून कुणी ठळक छापलं नाही, पण उतार सरळ आहे. एकट्या १.१२ पेक्षा मला या तीन आकड्यांची जास्त काळजी वाटते. तिन्ही कागद डॉक्टरांपुढे एकत्र ठेवा. यात्रेचंही सांगा, लाजू नका.

विडीघरकुल_सिस्टर
पोटविकाराच्या ओपीडीत काम करते म्हणून सांगते. दारू होती म्हणून बाकीचं सोडू नका. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही तपासा, शुगरही बघा. सोनोग्राफीत पानथरीचं माप सेंटिमीटरमध्ये लिहून मागा, नुसतं 'किंचित मोठी' नको. नंतर बहुतेक फायब्रोस्कॅन सांगतील, त्यात लिव्हर किती कडक आहे ते मोजतात. त्यात २० किलोपास्कलच्या आत आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठीची दुर्बीण टाळता येते, असं २०१५ मध्ये लिव्हरच्या तज्ज्ञांच्या बावेनो बैठकीत ठरलं. अण्णांच्या प्लेटलेट तेवढ्या नाहीत, म्हणून दुर्बिणीचं आपणहून विचारा.

मागावर उभं राहून कंबर धरते म्हणून ते दुखण्याच्या गोळ्या घेतात का? घेत असतील तर बंद करा आणि कुठल्या ते डॉक्टरांना दाखवा, त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवरही ताण येतो. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर सोनोग्राफीची तारीख बघत बसू नका, रात्री असली तरी थेट सिव्हिलला न्या.