प्रवासी होडीवर फेकायची दोरी कोणती ठेवावी?

खाडीकाठ: दाभोळ खाडीत पर्यटक फिरवायला २४ फुटी फायबर होडी आहे, आउटबोर्ड इंजिन. लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत, रिंगही आहे. रिंगेला जाळ्याची नायलॉन दोरी बांधलीय. ती चालेल, की पिशवीत भरून फेकायची दोरी वेगळी घ्यावी? किती मीटर?

नाळेवरचा: ती नायलॉन आजच काढा. नायलॉनची घनता १.१४, समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५. दोरी बुडते, पाण्यातल्या माणसाला दिसत नाही आणि थेट तुमच्या पंख्यात जाते. पॉलिप्रॉपिलीन ०.९१, म्हणून तरंगते. बंदरावर किलोवर मिळते, पण घेण्याआधी तुकडा बादलीत टाकून बघा. जाडी ८ ते १० मि.मी. त्याहून बारीक दोरी वजन पेलेल, पण ओल्या हाताला कापते आणि निसटते. रंग केशरी किंवा पिवळा.

पिशवीत २० मीटर भरा. रिंग जड असते, जेमतेम सात-आठ मीटर जाते आणि डोक्यात बसली तर इजा करते. मात्र दमलेल्या माणसाला तरंगत ठेवते ती रिंगच. दोन्ही ठेवा.

ओहोटी: फेकण्याबद्दल. आधी पाण्यात पडलेल्याला जोरात हाक मारा, त्याने बघितल्याशिवाय फेकू नका. पिशवीचं तोंड सैल करून दोन-तीन मीटर दोरी बाहेर काढा, टोक डाव्या हातात धरा. मनगटाला गुंडाळायचं नाही, कधीच नाही, झटका बसला की तुम्हीही पाण्यात. हात खालून झुलवून, त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाईल अशी फेका. पिशवी नाही, दोरी त्याच्या हाताशी पडली पाहिजे. अलीकडे पडली तर तो पोहत येणार नाही.

इंजिन न्यूट्रलला नको, बंदच करा. वाऱ्याने होडी माणसापेक्षा जोरात सरकते, ती त्याच्या दिशेने सरकली की दोरीला ढील पडते. ती लगेच ओढून घेत राहा. माणूस होडीच्या मधल्या कुशीला आणा, मागे इंजिनाकडे नाही.

जेट्टीवरून फेकायची तर ओहोटीच्या ओढीत तो समोर येण्याआधीच फेका. भार आला की जागेवर खेचत बसू नका, दोरी धरून त्याच्याबरोबर काठाने चाला.

खाडीकाठ: पहिली फेक चुकली तर? पिशवी परत भरायला वेळ कुठला?

ओहोटी: भरू नका. दोरी मोठ्या वेटोळ्यांत गोळा करा, पिशवीत तांब्याभर पाणी घ्या, त्या वजनाने ती पुन्हा जाते. शेवटच्या वेटोळ्याचं टोक मात्र सोडायचं नाही.

नाळेवरचा: बंदरावर परतल्यावर भरताना गुंडाळी करून आत ठेवायची नाही, गाठ तिथेच पडते. मूठमूठ कोंबत जा, वरचं टोक बाहेर. पिशवीच्या तळाशी फोमचा तुकडा हवा आणि दोरी तळातून काढून बाहेर गाठ मारलेली हवी. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. पॉलिप्रॉपिलीन उन्हाने कुजतं: हाताने चोळल्यावर पांढरी भुकटी निघाली किंवा धागे टोचू लागले की दोरी बदला. आणि पिशवी बाकाखालच्या कप्प्यात नको, सुकाणूवाल्याच्या हाताशी उघड्यावर, पण झाकण घालून टांगा.