क्रिएटिन घ्यायचंय पण क्रिएटिनिनचं काय? मदत हवी आहे

मंडळी, वेट ट्रेनिंगसाठी साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट (व्यायामात ताकदीसाठी घेतात ती सप्लिमेंट पावडर) सुरू करायचा विचार आहे, रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतं हे माहितीये, २० ग्रॅमवालं लोडिंग (सुरुवातीचे काही दिवस रोज मोठा डोस) टाळणारच कारण महिनाभरात स्नायूंमधला क्रिएटिनचा साठा तसाही भरतो आणि पोट बिघडवून घ्यायची हौस नाही. सुरुवातीला पाण्यामुळे वजन वाढतं, तेही ठीक. अडलंय ते रक्ततपासणीपाशी. किडनी धडधाकट असली तरी क्रिएटिनिन (क्रिएटिनपासून बनणारा टाकाऊ पदार्थ, किडनीचं काम तपासायला रक्तात मोजतात तो) थोडं वर दिसू शकतं ना, मग खरा त्रास आणि नुसता वाढलेला आकडा यातला फरक कळणार कसा? सिस्टॅटिन सी (किडनीचीच दुसरी रक्ततपासणी, जिच्यात क्रिएटिनमुळे आकडा फुगत नाही) कोणी करून घेतलीय का? मला बीपीची गोळी चालू आहे म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडणार नाही, पण त्यांना नेमकं काय काय विचारू? ('काही होत नाही रे'वाल्यांनी जरा दमानं घ्या.)