बंदुकीचा वाद रायफलीवर अडला, मृत्यू मात्र पिस्तुलाने होतात

नोव्हीकर

अमेरिकेत शाळेत किंवा बाजारात गोळीबार झाला की पुढचे काही दिवस एकाच प्रश्नावर वाद पेटतो: एआर-१५ जातीच्या रायफलींवर बंदी घालावी की घालू नये. माझे मत बंदीच्या बाजूचे आहे. तरीही मिशिगनमध्ये इतकी वर्षे राहून आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचून माझी खात्री झाली आहे की आपला सगळा जोर चुकीच्या जागी लागतो आहे.

२०२१ मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसे गेली. त्यांतील २०,९५८ जणांचा खून झाला आणि २६,३२८ जणांनी स्वतःचा जीव घेतला. खुनांतही, जिथे शस्त्राचा प्रकार नोंदलेला असतो तिथे, पिस्तुलांचा वाटा रायफलींच्या कितीतरी पट असतो. म्हणजे ज्या शस्त्रावरून आपण एकमेकांचे गळे धरतो, त्याने होणारे मृत्यू एकूण मृत्यूंचा लहानसा भाग आहेत, आणि सर्वांत मोठ्या भागाबद्दल, म्हणजे बंद दाराआड झालेल्या आत्महत्यांबद्दल, ना बंदीवाले बोलतात ना हक्कवाले.

आत्महत्येचा आवेग बहुधा फार काळ टिकत नाही. प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. पण बंदूक हाताशी असेल तर वाचण्याची संधीच जवळजवळ उरत नाही. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये सैनिकांना सुट्टीवर घरी जाताना रायफल तळावरच ठेवायला सांगितले आणि तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. कुणाचा हक्क गेला नाही आणि कुणाचे शस्त्रही कायमचे गेले नाही, फक्त माणूस आणि शस्त्र यांच्यामध्ये सुट्टीपुरते अंतर पडले. म्हणून मला दोनच प्रश्न महत्त्वाचे वाटतात: बंदूक घ्यावी असे मनात आल्यापासून ती हातात येईपर्यंत किती वेळ जातो, आणि घरात आल्यावर ती कुणाकुणाच्या हाती लागू शकते.

दुसरा प्रश्न आमच्या दाराशी येऊन गेला आहे. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी आमच्याच ओकलंड काउंटीतील ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना ठार केले. ते पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवस आधी घेतले होते. त्याच सकाळी शाळेने आईवडिलांना बोलावून मुलाने काढलेले भयंकर चित्र दाखवले होते. त्यांनी मुलाला घरी नेले नाही आणि घरात पिस्तूल आहे हे सांगितले नाही. शाळेनेही दप्तर उघडून पाहिले नाही. २०२४ मध्ये आईवडील दोघेही सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरले आणि प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या अशा हत्याकांडासाठी पालकांना या गुन्ह्यात दोषी ठरवण्याची देशातली ती पहिलीच वेळ होती.

ऑक्सफर्डच्या हत्याकांडानंतर मिशिगनने कायदा केला आणि तो १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला: जिथे अल्पवयीन मूल असण्याची शक्यता आहे तिथे बंदूक कुलूपबंद पेटीत, किंवा गोळ्या काढून कुलूप लावून ठेवलीच पाहिजे. आता मुलीला कुणाकडे खेळायला पाठवण्याआधी मी त्या घरच्या आईला विचारते, "तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते ना?" दाण्याची किंवा दुधाची अ‍ॅलर्जी विचारतात तितक्याच सहज विचारते. आजवर कुणाला राग आलेला नाही, आणि हो म्हणणाऱ्यांत मराठी घरेही होती.

लोनस्टार_सातारकर

नोव्हीकरताई, तुमचा लेख संयमाने लिहिलेला आहे, म्हणून उत्तरही तसेच देतो. पण तुमच्या मांडणीचा पायाच मला मान्य नाही. माणूस आणि शस्त्र यांच्यातले अंतर वाढवा, असे तुम्ही म्हणता. ते अंतर ज्याच्या जिवावर बेतले आहे त्याच्यासाठीही वाढते, हे तुमच्या लेखात कुठेच येत नाही.

पश्चिम टेक्सासमध्ये हमरस्त्यावर माझे गॅस स्टेशन आणि दुकान आहे. रात्री काउंटरवर एकच माणूस असतो आणि शेरीफचा माणूस यायला अर्धा तास सहज लागतो. पोलीस वेळेवर आले तरी काय होते, तेही आमच्या राज्याने पाहिले. २४ मे २०२२ रोजी युवाल्डीच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. तिथे एकूण ३७६ पोलीस जमले होते आणि वर्गाचे दार उघडून आत जायला त्यांना ७७ मिनिटे लागली. बाहेर आईबाप आक्रोश करत होते, त्यांनाच अडवले जात होते. ज्या सरकारला बंदुकीवर आपला एकाधिकार हवा आहे, त्याने त्या दिवशी तो एकाधिकार कसा वापरला, हे आम्ही विसरू शकत नाही.

शिवाय कायद्याने पोलीस तुम्हाला वाचवायला बांधलेलेही नाहीत. कोलोरॅडोतील कॅसल रॉकच्या खटल्यात नवऱ्याविरुद्ध संरक्षण-आदेश मिळवलेल्या बाईने पोलिसांना पुन्हा पुन्हा विनवले की त्याने मुलींना पळवून नेले आहे. पोलिसांनी काही केले नाही आणि तिन्ही मुली मारल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी सांगितले की आदेशाची अंमलबजावणी व्हावी असा तिला घटनात्मक हक्क नव्हता.

आणि वाट पाहायला लावणाऱ्या कायद्याचीही एक बाजू सांगतो. २०१५ मध्ये न्यू जर्सीत जुन्या जोडीदाराच्या धमक्यांमुळे एका बाईने पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. कायद्याने ३० दिवसांत निर्णय व्हायला हवा होता. ती मुदत उलटून गेली तरी परवाना आला नाही आणि जून महिन्यात त्या माणसाने तिला तिच्याच घराबाहेर भोसकून मारले. त्याला बंदुकीची गरजही पडली नाही.

कलम_एकोणीस

मी नागपूरला वकिली करतो आणि अमेरिकन घटनेचा अभ्यास आवडीने करतो. दोघांच्याही बोलण्यात कायद्याची आजची स्थिती सुटते आहे, म्हणून लिहितो.

शस्त्र बाळगण्याच्या हक्काबद्दलची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची. पण घरात पिस्तूल बाळगणे हा व्यक्तीचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे म्हटले ते २००८ च्या हेलर खटल्यात, तेही ५ विरुद्ध ४ मतांनी. निकाल लिहिणाऱ्या न्या. स्कॅलिया यांनी त्यातच नमूद केले होते की हा हक्क अमर्याद नाही. २०२२ च्या ब्रुएन निकालाने मात्र कसोटीच बदलली: कोणतेही निर्बंध टिकवायचे असतील तर त्यांना देशाच्या इतिहासात आधार दाखवा. घटनेच्या काळात मिनिटाला जेमतेम तीन गोळ्या झाडता येणाऱ्या बंदुका होत्या, तेव्हाच्या कायद्यांत आजच्या प्रश्नांची उत्तरे शोधण्याची ही पद्धत मला सदोष वाटते, आणि खालची न्यायालये तिच्यामुळे परस्परविरोधी निकाल देत राहिली. २०२४ च्या रहिमी खटल्यात ८ विरुद्ध १ मतांनी न्यायालयाने थोडे सावरून घेतले: कौटुंबिक हिंसेमुळे ज्याच्यावर संरक्षण-आदेश आहे त्याच्याकडून शस्त्र काढून घेता येते. नोव्हीकर यांच्या मुद्द्याला आज सर्वांत भक्कम आधार आहे तो या निकालाचा.

आणखी एक. अमेरिकेतील हक्कवाले गांधीजींच्या नावावर एक वाक्य वारंवार देतात, की एका अख्ख्या राष्ट्राचे शस्त्र काढून घेणारा कायदा हे ब्रिटिश राजवटीचे सर्वांत काळे कृत्य होते. वाक्य खरे आहे. पण ते १९१८ मध्ये सैन्यभरतीच्या आवाहनात, भारतीयांनी शस्त्र चालवायला शिकावे म्हणून लिहिलेले होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याचा संताप आपल्याकडे खरोखरच होता. १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क नियमांच्या अधीन राहून मागितलेलाही आहे. पुढे घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. ज्या पिढीने निःशस्त्र केले जाणे स्वतः भोगले होते तिनेच सत्ता हाती आल्यावर हा निर्णय घेतला, याचे वजन मला फार वाटते.

गोदाकाठ

वकीलसाहेब, निर्णय योग्य असेलही, पण त्यातून आपल्याकडे काय उभे राहिले तेही सांगा. आमच्या बीड जिल्ह्यात परवान्याची पिस्तुले कुणाच्या कमरेला होती हे मस्साजोगच्या सरपंचाच्या हत्येनंतर साऱ्या महाराष्ट्राने पाहिले, आणि मग २०२५ मध्ये प्रशासनाला परवाने रद्द करत बसावे लागले. "जिवाला धोका आहे" हे जिल्हाधिकाऱ्यांना पटवून देण्याची ताकद ज्याच्याकडे असते त्याच्यापासूनच बाकीच्यांच्या जिवाला धोका असतो. शेतावर एकटी राहणारी विधवा अर्ज करते तेव्हा तिची फाईल तहसील, पोलीस ठाणे आणि जिल्हा कार्यालय यांच्यामध्ये फिरत राहते. मला अमेरिकेसारखी मोकळीक नको आहे. पण परवाना अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवला की तो वजनदाराला मिळतो, एवढे मी सातारकरांच्या बाजूने नक्की म्हणेन.

लोनस्टार_सातारकर

गोदाकाठ, तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलेत. अमेरिकेतही हेच झाले. १९५६ मध्ये माँटगोमेरीत घरावर बॉम्ब टाकला गेल्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांनी शस्त्र बाळगण्याचा परवाना मागितला आणि अधिकाऱ्यांनी तो नाकारला. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागताच कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी आणली, आणि त्या कायद्यावर सही होती गव्हर्नर रेगन यांची. न्यूयॉर्कचा १९११ चा कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ "योग्य कारण" मागत राहिला, आणि ते योग्य की अयोग्य हे अधिकारी ठरवत राहिला. वकीलसाहेबांना ब्रुएनची कसोटी सदोष वाटते. पण त्याच निकालाने ही मर्जी संपवली, आणि आपल्यासारख्या परदेशातून आलेल्या माणसाने त्याबद्दल कृतज्ञ असायला हवे.

ट्रॉय_एच१बी

एक साधी शंका. मी एच-१बी व्हिसावर आहे. कार्यालयातले सहकारी नेमबाजीच्या रेंजवर चल म्हणतात आणि स्वतःचे पिस्तूल घे म्हणून आग्रह करतात. मला घेता येते का?

कलम_एकोणीस

सर्वसाधारणपणे नाही. केंद्रीय कायद्याने एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक वा गोळ्या बाळगण्याची मनाई आहे. वैध शिकारी परवाना हा त्याला एक अपवाद आहे, पण बंदूक घेताना विक्रेत्याकडे भरायच्या फॉर्म ४४७३ वर चुकीचे उत्तर देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याचा फटका तुमच्या ग्रीन कार्डला बसू शकतो. तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय रेंजवरही शस्त्र हातात घेऊ नका. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही मनाई राहत नाही.

नोव्हीकर

सातारकरदादा, कॅसल रॉक आणि न्यू जर्सी ही दोन्ही उदाहरणे मी हलकी मानत नाही. पण दोन्ही ठिकाणी बाई घाबरलेली होती एका ठरावीक, ओळखीच्या पुरुषाला. छळणाऱ्या जोडीदाराच्या हाती बंदूक असेल तर बाईच्या खुनाचा धोका सुमारे पाचपट वाढतो. अशा वेळी पहिले काम त्याच्याकडची बंदूक काढून घेण्याचे आहे, आणि रहिमी निकालाने ते वैध ठरवले आहे. जिच्याकडे संरक्षण-आदेश आहे तिला वाट पाहण्याच्या मुदतीतून सूट द्या, माझी हरकत नाही. पण एका बाईचा परवाना अडला म्हणून काल रात्री नोकरी गेलेल्या, दारू प्यायलेल्या माणसाला आज दुपारी पिस्तूल मिळालेच पाहिजे, हे त्यातून सिद्ध होत नाही. केंद्रीय कायद्यात आजही वाट पाहण्याची मुदत नाही. घेणाऱ्याच्या पार्श्वभूमीची तपासणी तीन कामकाजी दिवसांत पूर्ण झाली नाही तर विक्रेता बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला ती अशीच मिळाली होती. खासगी विक्रीत तर केंद्रीय कायदा तपासणीच मागत नाही, आणि ती फट बुजवणारा प्रस्ताव सँडी हूकच्या शाळेत वीस मुले गेल्यानंतरही, एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये ५४ मते मिळवून पडला, कारण ६० लागत होती.

मर्जीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मी परवान्याबद्दल बोलतच नाही. कुलूप सर्वांना सारखे आणि वाट पाहणे सर्वांना सारखे. त्यात कुणाला कुणापुढे हात जोडावे लागत नाहीत. आणि हे फक्त डेमोक्रॅट राज्यांतच जमते असेही नाही. पार्कलँडच्या शाळेत १७ जण मारले गेल्यावर सुमारे तीन आठवड्यांत फ्लोरिडाच्या रिपब्लिकन गव्हर्नरांनी रायफलीसाठीही वय २१ केले आणि धोकादायक माणसाकडून न्यायालयाच्या आदेशाने बंदूक काढून घेण्याची तरतूद केली.

लोनस्टार_सातारकर

फ्लोरिडाच्या त्या आदेशांबद्दल मला अजूनही शंका आहे, कारण पहिला आदेश त्या माणसाचे म्हणणे ऐकण्याआधीच निघतो. कुलपाच्या बाबतीत मात्र आमच्या टेक्सासमध्ये कायदा आहे, आणि तो १९९५ पासून आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते: भरलेली बंदूक सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती लागू दिली तर मोठ्या माणसावर गुन्हा दाखल होतो, आणि त्यातून कुणाचा मृत्यू झाला तर शिक्षा वाढते. माझी बंदूक काउंटरखाली बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या पेटीत असते, कारण सुट्टीत माझा मुलगा दुकानात बसतो. ते माझ्या बुद्धीने मी ठरवले. प्रत्येक घराने कपाटात काय आणि कसे ठेवावे हे सरकारने आधीच ठरवून द्यावे, याला माझा विरोध कायम आहे.

नोव्हीकर

तुमच्या पेटीबद्दल वाचून बरे वाटले. पण टेक्सासचा कायदा मुलाच्या हाती बंदूक लागल्यानंतर जागा होतो, आणि ऑक्सफर्डच्या आईवडिलांना झालेली शिक्षाही चार मुले गेल्यानंतरची होती. मिशिगनचा कायदाही गुन्हा नोंदवतो तो मुलाच्या हाती बंदूक लागल्यावरच, हे मला माहीत आहे. तरी तो कुलूप लावणे हे कर्तव्य म्हणून आधी सांगतो, आणि त्यामुळे बालरोगतज्ज्ञांना, शाळेला आणि माझ्यासारख्या आईला तो प्रश्न न संकोचता विचारता येतो. तुमच्या मुलाच्या मित्राकडे तशी पेटी आहे का, हे तुम्ही विचारले आहे का?