अल-मतारी : दोनच गोलांची कारकीर्द?

फ्रीकिक_फणस :
'येमेनच्या फुटबॉलपटू अब्दुलवासे अल-मतारीचं कौतुक पुरे. नेपाळला दोन गोल मारले, बाकी शून्य.' काल इथे पडलेली ही पिंक वाचून राहवलं नाही. मार्च २०१८, आशिया चषकाच्या पात्रता फेरीचा शेवटचा सामना, येमेन २ नेपाळ १. त्या दोन गोलांवर, उत्तर आणि दक्षिण येमेन एक झाल्यानंतर पहिल्यांदाच येमेन आशिया चषकात पोचलं. तेही युद्धामुळे देशातली लीग २०१४ पासून बंद आणि 'घरचा' सामना कतारच्या दोह्यात! राजधानी सनाच्या विमानतळावरून २०१६ ते २०२२ प्रवासी विमानं नव्हती. तेव्हा आधी बसने चेकपोस्ट ओलांडत सैऊन किंवा एडनचा विमानतळ गाठा, मग शिबिराचं बघा. लीग नसताना नुसतं पळून दम टिकतो, सामन्याचा वेग नाही. साठाव्या मिनिटानंतर पुढचे खेळाडू प्रेस करायला, म्हणजे चेंडूवाल्यावर दबाव टाकायला, उशिरा पोचतात, बचावफळी घाबरून मागे सरकते, मधलं मैदान मोकळं. मग पुढच्याला मिळतात फक्त लांबून उडवलेले चेंडू.

ऑफसाइड_आबा :
आणि आशिया चषकात काय झालं? इराणकडून ५-०, इराककडून ३-०, व्हिएतनामकडून २-० हार. त्यातही व्हिएतनामचे गोल फ्रीकिक आणि पेनल्टीवर. फ्रीकिकसमोर खेळाडूंची भिंत नीट उभी करायला लीग लागते होय? पात्रतेतही सहापैकी चार बरोबऱ्या.

फ्रीकिक_फणस :
आणि पराभव एकही नाही, हे बरं गाळलंत.

बालेवाडी_पूर्वस्टँड :
येमेनची कीव करणाऱ्यांनी ऑक्टोबर २०१० आठवावा. पुण्यात बालेवाडीला भारत ३, येमेन ६! २००१ च्या विश्वचषक पात्रतेत बंगळूरला १-१, सनाला ३-३, दोघांचे गुण ११. नऊ वर्षांत आपण कुठे गेलो? आपल्या महासंघाबद्दल बोला आधी.

ऑफसाइड_आबा :
धागा अल-मतारीचा आहे हो! पण काढलंच आहे तर ऐका : २०१० ला येमेनची लीग चालू होती. बालेवाडीनंतर दीड महिन्याच्या आत आखाती चषक एडनमध्ये, घरच्या मैदानावर. तिन्ही सामने हरले. लीगची सबब तिथेच संपली.

फ्रीकिक_फणस :
गटात सौदी, कतार, कुवेत. चषक कुवेतनेच नेला. लीग २०२१ ला परत सुरू झाली आणि डिसेंबर २०२४ ला बहरीनवर २-१, आखाती चषकातला येमेनचा पहिलावहिला विजय. बहरीन पुढे विजेता ठरला. हा योगायोग का?

ऑफसाइड_आबा :
एका सामन्यावरून सिद्धांत! बरं, नेपाळविरुद्धचे गोल दडपणाखालचे होते, मान्य. काढा मिरवणूक.

बालेवाडी_पूर्वस्टँड :
बालेवाडीच्या सहा गोलांवर कोणी बोलणार आहे का?