मदत हवी आहे: शेनांडोआची पायवाट, लुरे गावातला शिधा भरायचा दिवस आणि बाबांची एकादशी

नमस्कार मंडळी,

मी उत्तर व्हर्जिनियात राहते. मे महिन्यात बाबा साताऱ्याहून येत आहेत. त्यांच्याबरोबर अ‍ॅपलाचियन ट्रेलचा (अमेरिकेच्या पूर्वेकडची लांब पल्ल्याची पायवाट) शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानातला टप्पा चालायचं ठरलंय. दक्षिणेच्या रॉकफिश गॅपपासून (गॅप म्हणजे खिंड) उत्तरेला फ्रंट रॉयलच्या रस्त्यापर्यंत, साधारण १०७ मैल. परमिट, मुक्कामाच्या हट, झरे यांचा अभ्यास बऱ्यापैकी झालाय. अडलंय ते एका दिवसापाशी. तो नीट बसला नाही तर पुढचं सगळं विस्कटेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बाबांविषयी. वय ६८, माळकरी, आळंदी ते पंढरपूर वारी त्यांच्या अंगात मुरलेली. बीपीची गोळी रोज सुरू आहे, डॉक्टरांनी चालायला हरकत नाही असं सांगितलंय. त्यांच्या चालण्याची मला काळजी नाही. उलट दिवसाला नऊ-दहा मैल म्हटल्यावर ते म्हणाले, "एवढंच?" पण वारीत दिंडीचा ट्रक पुढे गेलेला असतो. तंबू, भांडी, शिधा सगळं त्यात. वारकरी मुक्कामाला पोचतो तोवर स्वयंपाक सुरू झालेला असतो. इथे तंबू पाठीवर, स्टोव्ह पाठीवर आणि खाणंही पाठीवरच. माणशी दिवसाला पाऊण किलो कोरडा शिधा धरला तरी दोघांचं वजन भराभर वाढतं. त्यातलं बरंचसं मीच उचलणार आहे. म्हणून वाटेत एकदा गावात उतरून पिशव्या पुन्हा भरणं भागच आहे.

ते गाव म्हणजे लुरे. आदल्या रात्री बर्ड्स नेस्ट ३ नावाच्या हटवर मुक्काम. सकाळी निघून मेरीज रॉक या शिखराच्या बाजूने थॉर्नटन गॅपला उतरायचं, म्हणजे सव्वातीन मैलांच्या आसपास. तिथे वाटेला २११ नंबरचा हमरस्ता आडवा जातो आणि पश्चिमेला नऊ-दहा मैलांवर लुरे. खरेदी, आंघोळ, फोन चार्जिंग आटपून दुपारी परत गॅपवर यायचं आणि जेमतेम सव्वा मैल चढून पास माउंटन हटवर झोपायचं, असा माझा कच्चा बेत आहे.

आता खरी अडचण. नेमकी त्याच दिवशी एकादशी आहे. बाबांचा उपास कडक आहे. एरवी मेतकूट-भात, थालीपीठाच्या भाजणीची उकड, दशम्या, दाण्याची चटणी, गूळ असं सगळं मी घरून बांधून नेणार आहे. उपासाचं मात्र नीट जमवायचंय. त्यांना "प्रवासात चालतं" असं कुणी म्हटलेलं आवडत नाही आणि मलाही त्यांना तसं म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणंही आलंच.

तर विचारायचं हे की त्या दिवशी लुरेला राहावं की संध्याकाळी परत वाटेवर यावं? साध्या अमेरिकन सुपरमार्केटमध्ये शाकाहारी (अंडंही नाही) माणसाने पुढच्या टप्प्यासाठी काय उचलावं आणि काय टाळावं? उपासाचं काही आधीच लुरेच्या पोस्टात पाठवून ठेवता येईल का? आणि गावात न्यायला-आणायला काय सोय करावी? नवरा त्या आठवड्यात कामासाठी बाहेरगावी आहे, त्यामुळे घरची गाडी नाही. रस्त्यावर अंगठा दाखवून लिफ्ट मागायला बाबांची ना नाही, माझं मन मात्र धजत नाही.

— सातारकन्या

रानवाटकरी

ताई, हा टप्पा मी चाललो आहे. पहिलं सांगणं हे की लुरेत गरजेपेक्षा जास्त भरू नका. थॉर्नटन गॅपपासून फ्रंट रॉयलच्या ५२२ नंबरच्या रस्त्यापर्यंत सुमारे २८ मैलच उरतात. तुमच्या चालीने तीन दिवस. त्यातही गॅपपासून सात-आठ मैलांवर एल्कवॅलोचं दुकान लागतं. मे महिन्यात ते उघडं असतं. गरम खाणं मिळतं आणि ब्लॅकबेरी मिल्कशेक मिळतो, तो बाबांना नक्की पाजा. गावात गेल्यावर भुकेल्या पोटी माणूस वाटेल ते उचलतो आणि मग पास माउंटनच्या चढावर ते पाठीला कळतं. यादी घरीच करा.

दुकानात लेबल वाचल्याशिवाय काही घेऊ नका. तयार भाताची आणि पास्त्याची जी पाकिटं सगळे हायकर घेतात, त्यांत नुसतं चीज किंवा भाजी असं नाव असलं तरी पुष्कळदा चिकन पावडर असते. रॅमेनचंही तेच. डब्यातल्या वाटलेल्या राजम्यात कधी कधी डुकराची चरबी असते, काही दह्यांत जिलेटिन (तेही प्राणिज) असतं, आणि चीजवर रेनेट (दूध फाटवायला घालतात ते) प्राणिज आहे की मायक्रोबियल ते बघावं लागतं. डोळे मिटून घेता येतं ते असं: साधा इन्स्टंट भात, ओट्स, पीनट बटर (प्लास्टिकच्या बरणीतलं), सुकामेवा, दूध पावडर. टॉर्टियाही (मेक्सिकन पोळ्या) मिळतात, फक्त त्यांत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, नाही ना तेवढं पाहा. तुमचं मेतकूट आणि चटणी सोबत असेल तर इन्स्टंट भातावर जेवण होऊन जातं.

गाडीचं म्हणाल तर हायकर लोकांना सोडणारे खासगी शटलवाले त्या भागात आहेत. निघण्याआधीच फोन करून वेळ ठरवा आणि परतीचीही तेव्हाच ठरवा. गॅपवर उभं राहून बघू म्हणू नका. २११ वरून चालत तर अजिबात जाऊ नका, वळणावळणाचा घाट आहे आणि गाड्या जोरात येतात.

मीठभाकर

उपासाचं माझ्याकडून. भगर न्या! धुऊन, पूर्ण वाळवून, तुपावर भाजून पिशवीत भरायची. अडीचपट पाण्यात एक उकळी आली की स्टोव्ह बंद करायचा आणि भांडं टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांत मऊ होते, गॅसही वाचतो.

चंद्रभागा

मीठभाकर, एकादशीला वरई आमच्याकडे चालत नाही, ती धान्यात धरतात. बऱ्याच वारकरी घरांत असंच आहे. सातारकन्या, बाबांना आधी विचारून घे.

साबुदाणा मात्र वाटेवर छान जमतो, मी केलाय. आदल्या संध्याकाळी झिपलॉकच्या पिशवीत धुऊन घ्यायचा, पाणी निथळायचं आणि पुन्हा जेमतेम भिजेल एवढंच पाणी शिंपडून पिशवी बंद करायची. वर दुसरी पिशवी. अस्वलांमुळे ती रात्री इतर खाण्याबरोबरच उंच टांगायची, तंबूत घ्यायची नाही. सकाळी दाणा बोटांत दाबला की मोडतो. पण त्याची खिचडी करायला जाऊ नकोस. हायकिंगचं भांडं पातळ पत्र्याचं, ज्योत मधोमध, त्यामुळे खाली करपते आणि कडेचा साबुदाणा कच्चाच राहतो. ते भांडं घासायला पाणीही फार लागतं आणि झरा असतो लांब. त्यापेक्षा दूध पावडर घालून खीर कर, किंवा दाण्याचं कूट, मीठ आणि तूप घालून पातळ पेज कर. ढवळत राहिलं की चिकटत नाही. सोबत राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर. उतरणीआधी पोटात एवढं गेलं तर बाबांना लुरेपर्यंत काही लागणार नाही.

गावात उपासाला काय मिळेल याची काळजी नको. केळी, सफरचंदं, दूध, शेंगदाणे (पाकिटावर फक्त शेंगदाणे आणि मीठ लिहिलेलं बघ, काहींत बाकी मसाला असतो). सुपरमार्केटमध्ये मायक्रोवेव्हसाठी एकेक गुंडाळलेले बटाटे आणि रताळी मिळतात. खोली घेतलीस तर तिथल्या मायक्रोवेव्हमध्ये सात-आठ मिनिटांत उकडून होतील. वर तूप, मीठ, दाण्याचं कूट.

सातारकन्या

तिघांचेही खूप आभार! बाबांना फोन केला. चंद्रभागाताई, तुमचं बरोबर आहे, भगर ते एकादशीला घेत नाहीत. पेजेचं ऐकून म्हणाले, "आजीच्या हातची असायची तशी कर." आता राहायचं की परतायचं, यावर अजून कुणी सांगाल का? पारणं सकाळी लवकर, अन्नाने सोडायचं असतं त्यांना. हटवर तेवढं सगळं उजाडताच करणं जमेल का, हा प्रश्न आहे. आणि पोस्टाचं राहिलंच.

घाटमाथा

राहा. माझं स्पष्ट मत आहे. मेरीज रॉकच्या बाजूने थॉर्नटन गॅपपर्यंत सुमारे १,२०० फुटांची उतरण आहे आणि दगडांची. दिवेघाट चढणाऱ्या माणसाला दम लागणार नाही, पण उतरताना गुडघे बोलतात, आणि तेही उपाशीपोटी आणि आठवडाभराच्या चालीनंतर. उतरताना काठ्या दोन घ्या, एक नको. त्या दिवशी पाय वर करून पडणं हेच औषध. खोलीत नळाचं पाणी, मायक्रोवेव्ह, गरम आंघोळ. द्वादशीला सकाळी खोलीतच इन्स्टंट भात, मेतकूट, तूप, वर गावातून आणलेलं ताजं दही (जिलेटिन नसलेलं). पारणं नीट होईल आणि नऊच्या शटलने वाटेवर याल. त्या दिवशी पास माउंटनला न थांबता पुढे एल्कवॅलोपर्यंत जाल, म्हणजे मागे पडल्यासारखंही होणार नाही. मुक्कामाची जागा तेवढी परमिटमध्ये आधीच बदलून घ्या.

पोस्टाचं: जनरल डिलिव्हरी म्हणून, म्हणजे पोस्टातच ठेवून घेण्यासाठी, स्वतःच्या नावाने खोकं पाठवता येतं. खोक्यावर "हायकर, अमुक तारखेला येणार" असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि घ्यायला जाताना फोटोचं ओळखपत्र जवळ ठेवा. खोकं तुमच्याच नावाने पाठवा, बाबांच्या नको, म्हणजे त्यांचा पासपोर्ट दाखवत बसावं लागणार नाही. पण शनिवारी खिडकी थोडाच वेळ उघडी असते आणि रविवारी बंद. तुमची एकादशी शनिवार-रविवारी येत असेल तर पोस्टावर विसंबू नका. त्यापेक्षा जिथे खोली घ्याल त्यांना फोन करून विचारा, पाहुण्यांची खोकी बरेच जण ठेवून घेतात. गॅसचा डबा मात्र खोक्यात घालू नका, तो सोबतच न्या.

सातारकन्या

घाटमाथादादा, पटलं. लुरेला राहतो. खोलीवाल्यांशी आजच बोलते. एकच शेवटचं: अस्वलांमुळे खाणं टांगायचं ते मला जमेल ना? तूप, मेतकूट, हिंग, सगळंच घमघमाटाचं आहे आणि दोरी फांदीवर फेकायचा सराव नाही.

रानवाटकरी

हटवर दोरीची गरज नाही. प्रत्येक हटजवळ उंच लोखंडी खांब असतो, त्याला वर आकडे. शेजारी लांब दांडा ठेवलेला असतो, त्याच्या टोकाने पिशवी उचलून आकड्यात अडकवायची. दांडा जड असतो, वर पिशवी पाच-सहा किलोची असली की हात थरथरतात आणि आकडा चुकतो. म्हणून दोन लहान पिशव्या करा आणि दोन खेपांत चढवा. हट सोडून इतर कुठे तंबू लावलात तर मात्र जमिनीपासून दहा फूट वर आणि खोडापासून चार फूट लांब टांगावं लागतं, किंवा अस्वलाला न उघडणारा डबा लागतो. एल्कवॅलोच्या पुढे तशी वेळ येऊ शकते, तेव्हा डबा भाड्याने मिळाला तर घेऊन ठेवा. टूथपेस्ट, साबण आणि बाबांच्या गोळ्यांसोबतची खडीसाखरसुद्धा त्यातच जाते.