अनुभव धागा : देवानं माफ केलं, पण आईला कुणी विचारलं?

आगाशीकरीण

पप्पा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी फादर घरी आले. आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढून दार लोटून घेतलं. कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, चालू होतं. आई ओटीवर उभी, हातात फादरांच्या चहाची बशी, चहावर साय धरलेली. पंधरा-वीस मिनिटांनी दार उघडलं. फादरांनी मरणाआधीचं पवित्र तेल लावलं, कम्युनियनचा प्रसाद दिला, चहा घेतला आणि गेले.

अंत्यविधीला आत्या सगळ्यांना सांगत होती, "नशीबवान बघ, सगळं वेळेवर झालं. सरळ देवाघरी." खोटं नाही बोलत, मला तेव्हा हसू आलं. आई पहाटेच्या लोकलने दादरला फुलं घेऊन जायची आणि दुपारी परतली की पप्पा दारात. पैसे दिले तर गुत्त्यावर, नाही दिले तर हात उचलायचे. अशी अठ्ठावीस वर्षं. तिच्या डाव्या कानाला आजही नीट ऐकू येत नाही. ती अठ्ठावीस वर्षं वीस मिनिटांत मिटली, आणि मिटवली कुणी, तर ज्याला एकही फटका बसला नव्हता त्याने.

मी श्रद्धा सोडलेली नाही. रविवारी मिस्साला जाते. पण "तुझ्या पापांची क्षमा झाली आहे" हे शब्द ऐकले की घशात अडकतं. तुमच्यापैकी कुणाला देवाच्या न्यायाबद्दल किंवा क्षमेबद्दल असा प्रश्न पडलाय का? घडलेलं सांगा. प्रवचन नको, धर्माधर्मांची कुस्ती तर अजिबात नको. ख्रिस्ती नसलात तरी लिहा.

जुना नगरकर

आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्या घरात हा प्रश्न पणज्यापासूनचा. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर त्याने बाप्तिस्मा घेतला. घरात सांगतात ते असं, की त्याने मिशनरी साहेबाला विचारलं, "माझा बाप मरीआईला कोंबडं कापायचा. येशूचं नाव त्याच्या कानावर कधी आलंच नाही. तो आता कुठंय?" साहेब प्रामाणिक माणूस, त्याला खोटं बोलता येईना. पणजा त्यानंतर दोन रविवार उपासनेला गेला नाही, देवळाबाहेर चिंचेखाली बसून राहिला. तिसऱ्या रविवारी आत गेला, कारण पोराचं नाव शाळेत घालायचं होतं. आजोबा हे सांगताना हसायचे. मला मात्र तो चिंचेखाली बसलेलाच दिसतो.

पुढे वाचनात आलं की हाच प्रश्न जपान्यांनी सोळाव्या शतकातला मिशनरी फ्रान्सिस झेवियर याला विचारला होता. जपानहून परतल्यावर १५५२ मध्ये कोचीहून धाडलेल्या पत्रात तो लिहितो की नवे ख्रिस्ती झालेले लोक मेलेल्या आईबापांसाठी रडत होते, त्यांना सोडवायला काही करता येईल का विचारत होते. त्याने सांगितलं, नाही. आणि त्यांना रडताना बघून आपल्यालाही दुःख झालं, असंही लिहिलंय. जुन्या गोव्यात त्याच्या शवपेटीसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या डोक्यात चमत्कार नव्हते, हे पत्र होतं. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, हवं अशी मागणी पोर्तुगालच्या राजाकडे करणाऱ्यांत हाच माणूस होता, आणि जपान्यांबरोबर हळहळणाराही हाच. माणसाचं काय करायचं सांगा.

कॅथलिकांनी १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, लिहून ठेवलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोचली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. आमच्याकडे पाळकसाहेब बदलले की उत्तर बदलतं. पणज्याचा बाप दर पाच वर्षांनी नरकातून आत-बाहेर होतो.

ताई, तुमच्या प्रश्नावर एकच. प्रभूच्या प्रार्थनेत तुम्ही कॅथलिक लोक 'अपराध' म्हणता, आम्ही 'ऋण' म्हणतो. आमची ऋणं सोड, जशी आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना सोडली. लहानपणी वाटायचं, काय हे सावकारी भाषांतर. पण अपराध माफ केला म्हणायला तोंडाला काही पडत नाही. ऋण सोडलं की चोपडीत तूट येते, आणि ती ज्याची चोपडी त्यालाच भरावी लागते. तुमच्या घरातली चोपडी आईची होती. देवाने स्वतःच्या चोपडीतलं सोडलं असेल, त्याचा तो मालक. आईच्या चोपडीवर त्याने रेघ मारली असं कुठं लिहिलंय?

द्राक्षवाला_पिंपळगाव

मी हिंदू, पण शाळा मिशनची. येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला तेव्हापासून डोक्यात. मालक सकाळी मजूर लावतो, दुपारी लावतो, पाच वाजता आणखी लावतो आणि सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. सकाळचे चिडतात. देवाचा न्याय म्हणे. आता माझाच द्राक्षमळा आहे आणि सांगतो, विरळणीच्या दिवसांत असं करून बघा. मुकादम दुसऱ्या दिवशी टोळी घेऊन शेजारच्या प्लॉटवर दिसेल.

पण एक गोष्ट शाळेत कुणी दाखवली नव्हती. मालक पाचच्या लोकांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. मजूर अड्ड्यावर संध्याकाळपर्यंत कोण उरतं ते मला माहीत आहे. म्हातारे, एका डोळ्याने अधू, एखादी लेकुरवाळी. तगडे सगळे साडेसातलाच पिकअपमध्ये चढलेले असतात. उन्हात राबण्याइतकंच उन्हात नाकारलं जाणंही दमवतं. दाखल्यातला मालक ते मोजत असेल तर हिशेब चुकलेला नाही. तरी मी अजून तसा पगार वाटलेला नाही, हे कबूल.

मालवणी_नर्स

आमच्या आजीचा धाकटा भाऊ स्वतःच्या हाताने गेला. साठच्या दशकातली गोष्ट. पाद्रीने सिमितेरीत, म्हणजे चर्चच्या दफनभूमीत, जागा दिली नाही, कुंपणाबाहेर पुरलं. आजी दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आधी आतल्या कबरींवर मेणबत्त्या लावायची, मग कुंपणाकडेच्या पायवाटेने वळसा घालून बाहेर जायची. तिथे नेमकी जागाही उरली नव्हती, एक काजूचं झाड होतं. झाडाला मेणबत्ती.

पुढे चर्चचा कायदा बदलला. १९८३ च्या संहितेत आत्महत्या करणाऱ्याला दफन नाकारण्याचं कलम राहिलं नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात तर स्पष्ट आहे की भारी मानसिक त्रास, भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये. मी नर्सिंग शिकताना वॉर्डात जे बघितलं तेच चर्चने लिहिलं, थोडं उशिरा.

हे मी आजीला वाचून दाखवलं. मला वाटलं, रडेल, खूश होईल. ती म्हणाली, "म्हणजे तेव्हा देव बाहेर उभो होतो आणि पाद्री आत?" मग म्हणाली, दिवा लाव.

माझा प्रश्न ताईंच्या उलटा आहे. देवाच्या नावाने केलेल्या चुकीच्या न्यायाबद्दल आजीची माफी कुणी मागायची?

पुण्याहून_एक

फार लिहिणार नाही. २००५ मध्ये आमची मुलगी जन्मली आणि चार तासांनी गेली. बाप्तिस्म्याला वेळ मिळाला नाही. सासूबाई म्हणाल्या, ती ना स्वर्गात ना नरकात, मधे कुठेतरी. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशशास्त्रीय आयोगाने कागद काढला, की अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम कारण आहे, आणि 'लिंबो' ही मधली जागा हा काही श्रद्धेचा सिद्धांत नव्हताच. बायकोने बातमी वाचली, पेपर घडी करून ठेवला. आम्ही दोघंही त्यानंतर चर्चला गेलो नाही. राग वगैरे नाही. दोन वर्षं तिने झोपेत जे शोधलं त्याचा पत्ताच चुकीचा दिलेला होता, एवढंच.

इंदूरकर_वहिनी

मी इंदूरची मराठी, नवरा मल्याळी कॅथलिक. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात सिस्टर राणी मारिया यांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा आम्ही दोघं मंडपात होतो. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्यांना बसने जाताना भोसकून मारलं. आदिवासींना सावकारांच्या कचाट्यातून सोडवत होत्या, ते काहींना खुपत होतं. मारणारा समुंदर सिंह. सिस्टरांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही नन, २००२ मध्ये तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे सुटल्यावर तो केरळला त्यांच्या घरी गेला, तर आईने त्याचे हात धरून त्यांचं चुंबन घेतलं. तो सिस्टरांच्या कबरीवर जात राहिला.

हे ऐकून मी भारावले आणि घरी येऊन चिडले. कारण मलाही एक भाऊ आहे. वडील शेवटच्या आजारपणात अर्धवट शुद्धीत असताना त्याने घराच्या कागदावर त्यांचा अंगठा उठवून घेतला. चार वर्षं राखी नाही. नवरा काही बोलला नाही, पण त्याची ती 'बघ, लोक कसे असतात' नजर मला कळते. पुढच्या राखीपौर्णिमेला मी पोस्टाने राखी पाठवली, आत चार ओळी. आठ दिवसांनी व्हॉट्सॲपवर उत्तर आलं. अंगठा. वडिलांचा अंगठा उठवणारा माणूस मला अंगठा पाठवतो!

तेव्हापासून माझं मत असं की समुंदर सिंहला पश्चात्ताप झाला म्हणून ती गोष्ट पुरी झाली. एका हाताने राखी बांधता येते, पण दुसऱ्याने मनगट पुढे करावं लागतं. माझी राखी त्याच्याकडे पडून आहे. परत मागणार नाही. दुसरी पाठवणारही नाही.

वकील_साहेबराव

वहिनी, एक भर. क्षमा म्हणजे केस मागे घेणं नव्हे. ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा आणि सहा वर्षांची, जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूरला गाडीत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं जाहीर सांगितलं. तरी खटला चालला, मुख्य आरोपी दारा सिंगला २००३ मध्ये फाशी, २००५ मध्ये हायकोर्टात ती जन्मठेप झाली, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम केली. क्षमा त्यांनी केली, शिक्षा कोर्टाने दिली, दोन्ही आपापल्या जागी. घराच्या कागदाचं काय ते वेगळं विचारा, मुदत बघावी लागेल.

अर्धवट_सेमिनेरियन

तीन वर्षं सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शाळेत, होतो, मग बाहेर पडलो, आता बँकेत आहे. आगाशीकरीण ताई, आत्याने सांगितलं तसं चर्चही शिकवत नाही. पापाची क्षमा झाली तरी केलेलं नुकसान भरून द्यायचं शिल्लक राहतं. चोरलेलं परत करा, बदनामी केलीत तर नाव सुधारा, असं धर्मशिक्षणग्रंथात आहे. जक्कय करवसुलीवाला येशू घरी आल्यावर काय म्हणतो? कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत देईन. आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तर येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे रांग आहे. देवाचा नंबर दुसरा.

राहिला तुमच्या घरचा प्रश्न. फादरांनी पप्पांना सांगितलं असण्याची दाट शक्यता आहे, की बायकोची माफी माग. आम्हाला तसंच शिकवलं जातं. पण कन्फेशनमधलं एक अक्षर फादर बाहेर काढू शकत नाहीत, जीव गेला तरी. त्यामुळे सांगितलं की नाही, हे तुम्हाला फादरांकडून कधीच कळणार नाही. आईला विचारून बघा.

जुना नगरकर

सेमिनरीवाले, बँकेत बरोबर जागी पोचलात.

आगाशीकरीण

सगळ्यांचं वाचलं. पुण्याच्या दादा, तुम्हाला काय लिहू कळत नाही, म्हणून काही लिहीत नाही. मालवणी ताई, आजीचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय.

सेमिनरीवाल्या भावाचं वाचून काल आईला विचारलं. ती मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. म्हटलं, "त्या रात्री पप्पा तुला काही बोलले?" बराच वेळ गप्प. मला वाटलं, डाव्या बाजूने विचारलं म्हणून ऐकू गेलं नसेल. मग म्हणाली, "हाक मारली होती. 'ऐकतेस का, बस जरा,' म्हणाला. मी म्हटलं, सकाळी बोलू."

पप्पा पहाटे साडेतीनला गेले.

"मुद्दाम नाही गेलीस?"

"मुद्दाम." कळी तोडून टोपलीत टाकली. "मला माहीत होतं काय बोलणार ते. फादर जाताना माझ्याकडे बघत होते ना."

मग मी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी हा धागा काढला होता. माफ केलंस का? ती म्हणाली, २ तारखेला मी मेणबत्ती लावते ते दिसत नाही का तुला? दिसतं. दर वर्षी दिसतं. ती आधी आजीच्या कबरीवर लावते, मग मामाच्या, मग शेजारच्या अनोळखी कबरींवर, ज्यांचं कुणी येत नाही. पप्पांची सगळ्यांत शेवटी, अंधार पडल्यावर, उरलेल्या तुकड्यातून. मी म्हटलं, मग इतकी शेवटी का?

"थांबू दे जरा," आई म्हणाली. "मी नाही का थांबायचे, रात्री बारा-बारापर्यंत."