मदत हवी आहे: मतं जवळपास तेवढीच, मग ६३ जागा गेल्या कुठं?

मंडळी, आमच्या इंदूरला रविवारी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता काका आणि भाऊजी पुन्हा २०२४ च्या लोकसभा निवडणुकीवर घसरले. काका म्हणतात, भाजपची मतं २०१९ मध्ये सदतीस टक्क्यांच्या थोडी वर, २०२४ मध्ये साडेछत्तीस. मग जागा ३०३ वरून २४० कशा? भाऊजींचं एकच पालुपद, "एक्झिट पोलवाल्यांचे चारशे कुठं गेले?" इंदूरचा दाखला देण्याचीही सोय नाही. इथं काँग्रेसच्या उमेदवारानं अर्जच मागे घेतला आणि नोटाला २ लाखांवर मतं पडली! तर मतांच्या टक्क्यांवरून जागांचा अंदाज कसा बांधतात, कुणी सोपं करून सांगेल का? पुढच्या रविवारच्या आत हवंय, पाव किलो जिलबीची पैज लागली आहे.